मोकळा वाघ

माझी आई वाघाला घाबरत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. घाबरट मी. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली तरी माझ्या तळहातांना घाम सुटतो. मी नर्स आहे, ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात बावीस वर्षं काम करतेय, रक्त बघून मला काही होत नाही. पण जनावर म्हटलं की संपलं. बाळकुमला आम्ही नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो तेव्हा सगळ्यांना खिडकीतून दिसणारा येऊरचा दाट झाडीचा डोंगर आवडला होता. मला पहिल्या दिवशी वाटलं, तिथून इथे यायला एखाद्या बिबट्याला किती वेळ लागेल?

आणि तसं झालंही. एके सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. घोडबंदर रोडच्या बाजूच्या कुठल्यातरी कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमधून बिबट्या चाललाय. दोन गाड्यांच्या मधून, अगदी आरामात, रोजचा रस्ता असल्यासारखा. त्यानंतर महिनाभर सकाळच्या ड्युटीला निघताना मी वॉचमनला गेटपर्यंत सोबत यायला सांगायचे. रिक्षा आली की पाय आधी आत आणि मग बाकीची मी. आई तेव्हा टिटवाळ्याहून आमच्याकडे राहायला आलेली. माझं हे सगळं बघून ती हसायची.

"अगं, त्याला तू कशाला हवीस? त्याला कुत्री मिळतात की."

"तुला नाही का भीती वाटत?"

"व्हिडिओला कसली भीती?" ती म्हणायची, आणि पुन्हा पुन्हा तो व्हिडिओ लावायला सांगायची. चष्मा पुसून, फोन नाकाशी धरून बघायची. मला वाटायचं, तिला मजा येतेय.

आईचं माहेर मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. लग्न होऊन टिटवाळ्याला आली तेव्हा तिथे स्टेशनच्या पलीकडे नुसती शेतं होती. एका शाळेत आया म्हणून तिने तीस वर्षं नोकरी केली. वडील लवकर गेले, तिने मला एकटीने वाढवलं. कशालाही न घाबरणारी बाई, अशीच तिची ओळख. शाळेच्या संडासात साप निघाला तर मास्तरलोक बाहेर आणि आई काठी घेऊन आत. त्यामुळे ती वाघाला घाबरत नाही, यात मला काही नवल वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही मुंबईला प्राणिसंग्रहालयात गेलो. मी, आई आणि माझी मुलगी. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिला पेंग्विन बघायचे होते, आईला वाघ. सुट्टीचा दिवस, माणसांची झुंबड. वाघाच्या तिथे मोठी जाड काच आणि काचेला चिकटलेली पोरं. आत वाघ एका ठरलेल्या रेषेत चालत होता. भिंतीपर्यंत, वळायचं, दगडापर्यंत, वळायचं. एक माणूस खांद्यावर बाळ घेऊन काचेवर टकटक करत होता आणि ओरडत होता, "ए शेरू, इधर देख!" पाटीवर लिहिलेलं की काच वाजवू नका. सिक्युरिटीवाला शिट्ट्या मारून थकलेला.

आई गर्दीतून वाट काढत काचेशी गेली आणि तळहात काचेवर ठेवून उभी राहिली. वाघ वळताना तिच्या अगदी समोर आला. मधे फक्त काच. त्याची जीभ, दाढेजवळचे काळे ओठ, डोळ्याच्या कोपऱ्यात साचलेलं काहीतरी, सगळं दिसत होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी धक्का दिला आणि माझा खांदा काचेवर दाणकन आपटला. वाघाने मान वळवली. फक्त मान. मी मुलीचा दंड धरून मागे सरकले, एवढ्या जोरात की ती कळवळली.

आई मात्र तिथेच. काचेवर हात. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. ती काचेपासून मागे सरकायला लागली. तोंडातल्या तोंडात मोजत, एकेक पाऊल. माणसं बाजूला होत होती, म्हाताऱ्या बाईला चक्कर येतेय की काय म्हणून. दहा पावलांवर ती थांबली आणि वाघाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "चल. हा नव्हे."

"म्हणजे?"

"हा नुसता वाघासारखा दिसतो. मला काहीच होत नाही याला बघून." तिच्या आवाजात मजा नव्हती, चीड होती. बाहेर झाडाखाली बसून आम्ही डब्यातले पराठे खाल्ले तेव्हा ती मला म्हणाली, "मला एकदा मोकळा वाघ दाखव ग. जंगलात असतो तसा. मरायच्या आधी."

आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा मी जबरदस्तीने करवून घेतलं. त्यामुळे तिचं हे मागणं टाळणं मला शक्य नव्हतं. नवरा म्हणाला, तूच जा, मला कंपनीत सुट्टी मिळणार नाही, आणि तू तिथे गेलीस हेच मला फोटोत बघायचंय. मुलगी तर नाचायलाच लागली.

डिसेंबरात आम्ही निघालो. कल्याणहून विदर्भाकडे जाणारी गाडी, मग पुढे दोन-अडीच तास जीप. आई टिटवाळ्याहून एक पिशवी घेऊन कल्याणला आली होती. पिशवीत दोन लुगडी, स्वेटर आणि शेंगदाण्याचे लाडू. मी वाटेत फोनवर सफारीचे नियम वाचत होते. उभं राहायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही, भडक कपडे नकोत. मुलगी म्हणाली, "आई, तू परीक्षेला चाललीयेस का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जंगलाच्या गेटवर पोचलो. थंडी अशी की दात वाजत होते. मोबाइल गेटवरच जमा करून घेतले. तो माझा पहिला धक्का. म्हणजे आत काही झालं तर फोनही नाही. दुसरा धक्का जिप्सी बघून बसला. मी कुठेतरी धरून चालले होते की जाळी असेल, निदान वर कापड असेल. काहीच नव्हतं. उघडी गाडी, मागे उंचावर सीट, आणि कडेला एक लोखंडी नळी, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीची.

"एवढंच?" मी गाइडला विचारलं. तिशीतला मुलगा होता, त्याच भागातला.

"काही नाही करत जी वाघ," तो म्हणाला. "त्याच्यासाठी आपण सगळे मिळून एकच मोठं जनावर. गाडीत बसून राहिलं तर काही टेन्शन नाही. फक्त उतरायचं नाही."

"मला कडेला बसव," आई म्हणाली. मी नको म्हणत होते, पण ती डाव्या कडेला जाऊन बसलीसुद्धा. मध्ये मुलगी, उजव्या कडेला मी. पुढे ड्रायव्हर आणि गाइड. तिघींच्या पायांवर एकच घोंगडी.

पहिला दीड तास काहीही झालं नाही. हरणं दिसली, एक गवा दिसला, रस्त्यावर मोर. मुलगी खूश. माझ्या अंगातला ताठपणा हळूहळू सैल होत होता. मला वाटायला लागलं, नाही दिसला तर किती बरं. आईची हौस फिटेल आणि आपण सुखरूप घरी. मग एका पाणवठ्याजवळच्या वळणावर गाइडने हात वर केला आणि ड्रायव्हरने गाडी बंद केली.

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता आली, तशी मी कधी ऐकली नव्हती. आमच्याकडे बाळकुमला दुपारी तीन वाजतासुद्धा कुठेतरी ड्रिल चालू असतं. इथे माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत होता. मग झाडावरून एक वानर खोकल्यासारखं ओरडलं. पुन्हा. मग दुसरीकडून चितळाचा आवाज, शिट्टीसारखा टोकदार.

"कॉल आहे," गाइड कुजबुजला. "जवळच आहे."

मी आमच्या डावीकडच्या बांबूंकडे बघत होते. तिथे काहीच नव्हतं. उन्हाचे पट्टे, सुकलेली पानं. मी पापणी मिटली आणि उघडली, आणि तिथे वाघीण होती. ती आली नाही. ती कुठून येताना मला दिसलीच नाही. एवढं मोठं जनावर, सुकलेल्या पानांवरून, आणि पावलांचा आवाज शून्य. याच गोष्टीने मला सगळ्यात जास्त घाबरवलं. मी इतका वेळ ज्या जागेकडे डोळे फाडून बघत होते, त्याच जागेत ती आधीपासून होती.

ती सरळ आमच्याकडे चालत आली. मागे एक दुसरी जिप्सी येऊन थांबली होती, त्यामुळे आम्हाला मागे सरकता येत नव्हतं. वाघिणीच्या खांद्यांची हाडं कातड्याखाली वरखाली होत होती. पोट लोंबत होतं. अंगाला माशा बसत होत्या. एक वास आला, ओल्या फडक्यासारखा, आंबूस. ती आमच्या गाडीच्या डाव्या चाकापाशी आली. आईच्या पायापासून दीड हातावर.

आणि आईच्या तोंडून आवाज निघाला.

किंकाळी नव्हती ती. मी वॉर्डमध्ये भूल उतरताना माणसं करतात तसा आवाज ऐकलाय, कुठल्या तरी खोल जागेतून आलेला, ज्याला शब्द नसतो. मी वळून बघितलं तर आईचा चेहरा पांढरा. ओठ हलत होते. वाघीण थांबली. तिने मान वर केली आणि आईकडे बघितलं. कान मागे गेले.

"आजी, हलू नका जी," गाइड म्हणाला. ओठ न हलवता.

आई उठली. घोंगडी खाली पडली. ती सीटवर चढली, तिने एक गुडघा माझ्या मुलीच्या मांडीवर रोवला आणि ती तिच्या अंगावरून माझ्या बाजूला यायला लागली. तिला माझ्याकडे यायचं नव्हतं. तिला माझ्या बाजूने खाली उतरायचं होतं. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघेदुखीने जिना चढताना दर मजल्याला थांबणारी, तिच्यात तेव्हा एवढा जोर होता की मला तिला थोपवता येईना. तिने लोखंडी नळी धरली आणि एक पाय बाहेर टाकला.

माझा हात तोपर्यंत मुलीच्या हातात होता. मी तो सोडला. सोडावाच लागला, दोन्ही हात हवे होते. मी आईला कमरेतून धरलं, तिला माझ्या मांडीवर ओढलं आणि एका हाताने तिचं तोंड दाबलं. ती माझ्या तळहाताला चावली. मी सोडलं नाही. माझ्या मांडीवर काहीतरी गरम, ओलं पसरलं, आणि मला कळलं की आईला लघवी झालीय.

आणि त्याच क्षणी मला दिसलं की डाव्या कडेची सीट रिकामी आहे आणि वाघिणीच्या सगळ्यात जवळ आता माझी मुलगी आहे. एकटी. तिचे दोन्ही हात मांडीवर. ती वाघिणीकडे बघत होती आणि वाघीण तिच्याकडे. मला तिला हाक मारता येत नव्हती, हात लांब करता येत नव्हता. आईला सोडलं तर आई खाली. मी काहीच करू शकत नव्हते. मी फक्त बघत होते. घशातून एक बारीक घरघर आली, वाघिणीच्या घशातून, आणि ती मला कानांत नाही, बरगड्यांत ऐकू आली.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. गाइड नंतर म्हणाला, अर्धं मिनिट असेल. मग वाघिणीने तोंड फिरवलं. तिला आमचा कंटाळा आला असावा. ती गाडीच्या पुढून रस्त्यावर गेली आणि वीसेक फुटांवर धुळीत बसली. पंजा चाटत. तिथे ती चांगली पंधरा-वीस मिनिटं बसून होती. मागच्या जिप्सीतली माणसं कॅमेऱ्याने खटाखट फोटो काढत होती. आमच्या नशिबावर जळत असतील. मी आईला तशीच धरून बसले होते, तिचं डोकं माझ्या छातीत दाबून, आणि मुलीने न बोलता खाली पडलेली घोंगडी उचलून आईच्या अंगावर टाकली होती.

वाघीण उठून झाडीत गेली तेव्हा गाइडने मागे वळून बघितलं. त्याचा चेहरा घामाने थबथबला होता, त्या थंडीत.

"मॅडम," तो म्हणाला, "दहा वर्षांत पहिल्यांदा भ्यालो मी."

आम्ही मुक्कामाच्या जागी परत आलो. मी आईला गरम पाण्याने आंघोळ घातली, लहान मुलीसारखी. तिने घालू दिली. मग चहा करून आणला. मुलगी बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसली. आईने चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "तुझा मामा पाच."

मामा म्हणजे तिचा धाकटा, एकुलता भाऊ. मुरबाडला भाताच्या गिरणीत कामाला होता, दोन वर्षांपूर्वी गेला. शांत माणूस. आमच्याकडे टिटवाळ्याला आला की नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. मला वाटायचं, सवय असेल.

"आमच्या शेळ्या होत्या. चार. आम्ही दोघं त्यांना घेऊन डोंगराच्या अंगाला जायचो. त्या दिवशी तो दमला म्हणून मी त्याला एका खडकावर बसवला. शेळ्या चरत होत्या. आणि वाघ आला. बिबट्या ग, आमच्याकडे वाघच म्हणायचे. कुठून आला दिसलंच नाही. आज जसा आला तसाच. त्याने शेळी धरली, खडकापासून इतक्या जवळ." तिने हाताने अंतर दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "दहा पावलं असतील. मी नंतर मोजली."

"मग?"

"मग मी पळाले."

ती थांबली.

"त्याला उचलला नाही. हाक मारली नाही. मागे वळून बघितलं नाही. सरळ घरापर्यंत पळाले आणि भाताच्या कणगीच्या मागे जाऊन लपले. तुझे आजोबा विचारत होते, काय झालं, भाऊ कुठाय. माझ्या तोंडातून शब्दच येईना. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते माणसं घेऊन गेले, आपणहून. तो होता तिथेच बसलेला. त्याच खडकावर. शेळी अर्धी खाऊन वाघ निघून गेलेला. तेवढा वेळ तो पोरगा तिथे बसून बघत होता. रडला नव्हता, काही नाही. दोन दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. संपलं. कुणी मला काही म्हणालं नाही. नऊ वर्षांची पोर, काय म्हणणार?"

"आणि मामा?"

"एका शब्दाने कधी नाही. साठ वर्षांत नाही. मीही नाही विचारलं." तिने कप खाली ठेवला. "तो गेला तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मला वाटायचं, मी लहान होते म्हणून पळाले. मोठं माणूस थांबलं असतं. मला बघायचं होतं. मोकळा वाघ समोर आला की मी थांबू शकते का. त्या काचेमागच्या वाघासमोर कुणीही थांबेल ग."

मी तिचा हात धरला.

"आई, तू घाबरलीस. कुणीही घाबरेल."

"घाबरले ते ठीक आहे," ती म्हणाली. आता तिने माझ्याकडे बघितलं. "पण मी पोरीच्या अंगावर पाय देऊन निघाले होते. तुला सांगू? मला तेव्हा माहीत होतं ती माझी नात आहे. भ्रम वगैरे नव्हता झाला मला. माहीत असून निघाले."

पेशंटच्या नातेवाइकांना सांगायची शंभर वाक्यं मला येतात, त्यातलं एकही तोंडातून निघेना. मला आईची भीती वाटली. हे लिहितानाही कसंतरी होतंय, पण वाटली. ज्या बाईने मला एकटीने वाढवलं, ती समोर बसली होती आणि मी मनात लहानपणच्या सगळ्या जागा आठवत होते, रेल्वे फाटक, भरलेली काळू नदी, आणि विचार करत होते की तेव्हा काही आलं असतं तर.

दुसऱ्या दिवसाची सफारी आम्ही रद्द केली. घरी आल्यावर आई टिटवाळ्याला गेली आणि आठ दिवसांनी तिचा फोन आला. "मला माहेरी घेऊन चल. तुझ्या मामीला सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"तेच. त्याला नाही सांगितलं, निदान तिला."

एका रविवारी आम्ही दोघी कल्याणहून एसटीने मुरबाडला आणि तिथून रिक्षाने गावात गेलो. मामी अंगणात वाल सोलत बसली होती. "जय भीम ताई," म्हणून उठली, पाणी दिलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी आता मामाचाही फोटो होता, त्याला ताजा हार. आईने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. खडक, शेळी, कणगी. मध्ये एकदाही थांबली नाही. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते.

मामीने ऐकून घेतलं. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, तुम्ही होता तिथे?"

"म्हणजे?"

"ते वाघाचं मला माहितीये. पुष्कळदा सांगायचे. पाऊस असला, दार वाजलं, की सांगायचे. झोपेत उठून बसायचे, शेवटपर्यंत. पण ते म्हणायचे, मी एकटाच होतो. शेळ्या घेऊन एकटाच गेलो होतो."

"पाच वर्षांच्या पोराला एकट्याला कोण पाठवेल?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी होते. मीच नेलं होतं त्याला."

"मी पण तेच विचारायचे, एवढ्याशा पोराला एकट्याला कसं सोडलं म्हणून. तर म्हणायचे, त्या काळी सोडायचे." मामी वालाच्या शेंगा पुन्हा मांडीवर घेत म्हणाली. "तुमचं नाव कधी निघालं नाही ताई. आई शप्पथ."

आईने फोटोकडे बघितलं आणि मामीबरोबर वाल सोलायला लागली. आम्ही जेवलो. मामीने तांदूळ बांधून दिले. निघताना दोघी नणंद-भावजय गळ्यात पडल्या, तेव्हा रडली ती मामी. आई नाही.

मुरबाडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना आईने मला विचारलं, "विसरला असेल का ग तो?"

"लहान होता. विसरला असेल."

"वाघ लक्षात राहिला, शेळी लक्षात राहिली, आणि मला विसरला?"

"कदाचित तुला वाचवत असेल, आई."

"त्याचाच तर त्रास होतोय," ती म्हणाली. मग गाडी लागली आणि आम्ही बसलो. कल्याण येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर ती वाघाबद्दल बोलली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर अजून अधूनमधून काहीबाही येतं, पंजाचे ठसे, कुणाचं कुत्रं नाहीसं झालं. मी ते तिला दाखवत नाही आणि तीही मागत नाही. माझी स्वतःची भीती कमी झाली का, असं नवरा विचारतो. नाही झाली. वाढली म्हणा हवं तर. पण आता सकाळी गेटबाहेर पाऊल टाकताना मी झाडीकडे कमी बघते. बिबट्या आला तर तो काय करेल याची मला थोडीफार कल्पना आहे. आपण काय करू, याची नाही.

परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. मुलगी टेबलावर अभ्यास करत बसलेली. तिने वहीतून मान वर न करता विचारलं, "आई, त्या दिवशी आजी उठली नसती ना, तर तू मला धरलं असतंस?"

"अगं, म्हणजे काय! धरलंच असतं," मी म्हणाले. लगेच म्हणाले. फार लगेच.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून मी वळले. पुन्हा मागे बघितलं तेव्हा ती तिचं गणित सोडवत होती.